वळीव आला तर थांबायचं कुठं? कोल्हापुरात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

कोल्हापुरात नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कुणीतरी पुराची गोष्ट सांगतं. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं, २०२१ ला कुठली गल्ली बुडाली, हायवे कसा बंद झाला. ते ऐकायलाच हवं. पण पूर सांगून येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आहे ते पावसाळ्यात रोज कळतं, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. सामान वर चढवायला, गाव सोडायला थोडाफार वेळ हाताशी असतो.

एप्रिल-मेमधला वळीव एवढा वेळ देत नाही. दुपारी चारला डोक्यावर ऊन, पाचला पश्चिम दिसेनाशी, सव्वापाचला पत्रे उडालेले, आणि सहाला पुन्हा स्वच्छ आभाळ. अर्ध्या-पाऊण तासाचा हा खेळ. त्यात माणसं जखमी होतात ती बहुतेक वेळा पावसानं नाही, तर वाऱ्यानं पडलेल्या वस्तूनं किंवा विजेनं. आणि अशा वेळी आपण धावतो ते मात्र पाऊस चुकवायला. झाडाखाली, टपरीच्या पत्र्याखाली, फलकाच्या आडोशाला. भिजायचं वाचतं, पण वाऱ्याच्या आणि विजेच्या दृष्टीनं याहून वाईट जागा सापडायच्या नाहीत. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल. भिजण्यापासून वाचवणारा आडोसा आणि जिवाला वाचवणारा आसरा एकच नसतो, एवढं मात्र डोक्यात राहू द्या.

हा लेख विद्यापीठात, राजारामपुरीतल्या खोल्यांवर, शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नव्यानं आलेल्यांसाठी आहे. इथल्यांना यातलं बरंच ठाऊक असतं. पाळतातच असं नाही.

आधी हा वारा येतो कुठून ते बघा

मार्चअखेरपासून जमीन तापत जाते. अरबी समुद्रावरून घाट ओलांडून आलेली दमट हवा त्या तापलेल्या हवेबरोबर दुपारी वेगानं वर चढते. वर गार होते, ढग होतो, आणि तो उंच वाढत १२-१५ किलोमीटरपर्यंत जातो. एवढ्या उंचीवर बर्फाचे कण एकमेकांवर घासून विजेचा भार साठतो, आणि वर चढणारा झोत जोरदार असला तर गाराही तयार होतात.

आता महत्त्वाचा भाग. त्या ढगातून पडणारा पाऊस कोरड्या हवेतून खाली येताना वाटेतच थोडा आटतो, त्यामुळे भोवतालची हवा थंड आणि जड होते. ती जड हवा सरळ खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. तुमच्या अंगावर अचानक येणारा तो धुळीचा गार झोत म्हणजे ही हवा. ती पावसाच्या पुढे, कधी कधी काही किलोमीटर पुढे धावत असते. म्हणून वळवात आधी वारा आणि मग पाऊस. ‘अजून थेंब कुठं पडलाय’ म्हणून गाडी दामटणारा माणूस सगळ्यात जोराच्या वाऱ्यातच रस्त्यावर सापडतो.

हवामान खात्याच्या भाषेत वादळी वाऱ्याचा वेग ताशी ४१ ते ६१ किलोमीटर असेल तर मध्यम, ६२ ते ८७ असेल तर तीव्र, त्याच्यावर अतितीव्र. आकडे जवळजवळचे वाटतात, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ४० च्या वाऱ्यात नुसता फडफडणारा पत्रा ८० च्या वाऱ्यात चौपट जोरानं उचलला जातो, आणि तो कुणाच्या अंगणात पडेल ते कुणाच्या हातात नसतं.

पहिली पायरी: सकाळी एकदा, दुपारी एकदा बघायचं

मार्चच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मान्सून येईपर्यंत ही सवय लावून घ्या. सकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघायचा. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. कोल्हापूर जिल्ह्याचा अंदाज आणि कोल्हापूरच्या घाटभागाचा अंदाज पुष्कळदा वेगळा दिलेला असतो. तुम्ही शहरात असाल तर घाटाचा रंग बघून घाबरू नका, आणि गगनबावड्याला निघाला असाल तर शहराचा रंग बघून निर्धास्त होऊ नका.

पिवळ्या रंगाला इथं कुणी मोजत नाही. माझ्या मते वळवाच्या दिवसांत पिवळाच जास्त कामाचा. लाल इशारा असला की सगळेच घरी बसतात. पिवळ्याच्या दिवशी सगळे बाहेर असतात, आणि झाड पडायला एक ढग पुरतो.

दुपारी दोन-तीनच्या पुढं मोबाईलवर दोन ॲप कामाला येतात. एक ‘दामिनी’. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे. तुमच्या भोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं काढून गेल्या पाच, दहा, पंधरा मिनिटांत वीज कुठं पडली ते दाखवतं. ठिपके वर्तुळाच्या कडेवरून आत सरकू लागले की आवराआवर करायची. दुसरं ‘सचेत’, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. त्यावर जिल्ह्याचे अधिकृत इशारे येतात. दोन्हीला लोकेशनची परवानगी द्यावी लागते, नाहीतर ॲप नुसतं फोनमध्ये पडून राहतं. व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘पुढचे ४८ तास कोल्हापूरकरांनो सावधान’ छापाचे मेसेज मात्र वाचायचे नाहीत आणि पुढं तर अजिबात ढकलायचे नाहीत. त्यातले निम्मे गेल्या वर्षीचे असतात.

दुसरी पायरी: आभाळ वाचायला शिका

ॲप बघायला विसरलात तरी आभाळ दिसतंच. पावसाळ्यातला पाऊस पश्चिमेकडून, राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूनं येतो. वळवाला दिशेचं बंधन नाही. म्हणून एकाच बाजूला बघत बसू नका. बऱ्याचदा दुपारपासून उकाडा वाढलेला असतो, रोजचा वारा पडलेला असतो, झाडाचं पान हलत नाही, बनियन अंगाला चिकटतो. मग एका बाजूला ढग उंच चढतो, वरून ऐरणीसारखा पसरतो आणि बुडाशी काळानिळा होतो. त्याच्या खाली मातीच्या रंगाचा पडदा जमिनीलगत सरकताना दिसला, तर तो पाऊस नव्हे, वारा आहे. तो दिसल्यावर तुमच्याकडे काही मिनिटंच आहेत.

मग एकदम गार झुळूक. दिवसभराच्या उकाड्यानंतर ती इतकी बरी वाटते की लोक गच्चीवर येऊन उभे राहतात, मोबाईल काढून चित्रण करतात. नेमकं उलटं करायचं. झुळूक लागली की आत.

विजेसाठी सोपा हिशोब आहे. वीज चमकली की मोजायला लागा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे राजारामपुरीपासून गोकुळ शिरगाव एमआयडीसीपर्यंतच्या टप्प्यात. लांब वाटतं, पण ढगातून निघालेली वीज तेवढ्या अंतरावर सहज जाऊन पडते, कधी कधी डोक्यावर निळं आभाळ असतानाही. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, एवढं धरलं तरी चालेल. मोजायचीही गरज नाही. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. पाऊस थांबला म्हणून नव्हे, आवाज थांबला म्हणून घड्याळ लावायचं.

तिसरी पायरी: आसरा निवडणं

इथं जरा सावकाश वाचा.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्लॅबची पक्की इमारत. दुकान, बँक, कॉलेज, मध्यवर्ती बसस्थानकाची मुख्य इमारत, कुणाच्या घराचा जिना, काहीही. आत, दारापासून आणि काचेपासून लांब. कोल्हापुरात अशा वेळी अनोळखी माणसाला कुणी दारातून हाकलत नाही, ‘आत या की, भिजताय कशाला’ असंच म्हणतात, त्यामुळे संकोच करू नका.

इमारत जवळ नसेल तर काचा वर केलेली चारचाकी, किंवा एसटी. टायर रबराचे असतात म्हणून गाडीत वीज लागत नाही असा पक्का समज आहे, तो चुकीचा. गाडीचा लोखंडी सांगाडा विजेला बाहेरून जमिनीत उतरवतो म्हणून आतला माणूस वाचतो. त्यामुळे हात मांडीवर ठेवा, दाराच्या धातूच्या भागाला टेकू नका. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना हा नियम लागू नाही. दुचाकीलाही रबराचेच टायर असतात, पण तिच्यावरचा माणूस उघडाच.

आता टाळायच्या जागा. झाड सगळ्यात आधी. उंच झाडावर वीज पडली की ती खोडातून खाली येताना शेजारच्या माणसावर उडी मारते, आणि मुळांतून जमिनीत पसरताना आजूबाजूला उभ्या असलेल्यांच्या पायांतून जाते. झाडाखाली आडोशाला थांबलेली माणसं किंवा जनावरं एकाच विजेनं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात त्या यामुळे. वीज नाही पडली तरी फांदी पडतेच. शहरातली गुलमोहर, पर्जन्यवृक्षासारखी पसरट झाडं दिसायला देखणी, पण कित्येकांची मुळं काँक्रीटच्या कामात तोडलेली असतात, आणि हे वरून बघून कळत नाही.

दुसरं, फलक. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला अशाच अवकाळी वाऱ्यात १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली. त्यातले कित्येक जण पंपावर पेट्रोल भरायला किंवा पावसाच्या आडोशाला थांबलेले. आपल्याकडे तेवढा मोठा फलक नसेल, पण चौकाचौकांत बांबूला बांधलेले वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत. कापड फाटलं तर बरं. नाही फाटलं तर शिडासारखा वारा भरून ते सांगाड्यासकट येतं. फलकाची जेवढी उंची, त्याच्या दीडपट लांब राहायचं, हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे.

तिसरं, पत्रे. चहाची टपरी, भाजीवाल्याचा मांडव, पार्किंगची शेड, बसथांब्याचं छत. चौथं, बांधकामं: परांच्या, विटांच्या कोरड्या भिंती, जुने कंपाउंड. लोक भिंतीला चिकटून उभे राहतात, आणि नऊ इंचाची एकेरी उभी भिंत आडव्या वाऱ्याला फार तग धरत नाही.

पाचवी जागा कुणी सांगत नाही: लग्नाचा मांडव. एप्रिल-मे हा लग्नसराईचा आणि गावजत्रांचा हंगाम, म्हणजे वळवाचाच. लॉनवरच्या कार्यात वर कापड आणि खाली लोखंडी खांब असतात. वारं सुटलं की पुरुषमंडळी खांब धरून मांडव पेलायला धावतात. हे करू नका. वीज चमकत असताना लोखंडी खांबाला मिठी मारायची ही वेळ नव्हे, आणि एवढ्या मोठ्या कापडात भरलेला वारा दहा माणसांना हलका उचलतो. म्हातारी माणसं आणि पोरं आधी पक्क्या हॉलमध्ये किंवा गाड्यांत, मग स्वयंपाकाच्या शेगड्या बंद, मांडव जातो तर जाऊ दे. नवरा-नवरीला अक्षता अर्ध्या तासानं पडल्या तर काही बिघडत नाही. मुहूर्तावरून वाद घालणारा मामा प्रत्येक लग्नात असतो, त्याला आधी गाडीत बसवा.

चौथी पायरी: तुम्ही जिथं जिथं असाल, तिथलं

*रंकाळा.* संध्याकाळी चौपाटीवर भेळ खायला जायचं हे कोल्हापूरकर होण्याचं पहिलं लक्षण. पण तलावाकाठी मोकळी जागा, पाणी आणि कडेनं झाडं, असं तिहेरी संकट आहे. गडगडाट ऐकला की कठड्यावरून उठायचं आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीत शिरायचं. पाण्यात पोहणारी पोरं असतील तर त्यांना हाक मारून बाहेर काढा. पंचगंगा घाट, कळंबा तलाव, शेतातल्या विहिरी, सगळीकडे तेच.

*मैदान.* कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो, आणि पेठांचा सामना असला की शाहू स्टेडियममधून माणूस हलत नाही. गल्ली क्रिकेटचंही तेच. पहिल्या गडगडाटाला खेळ थांबवायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासानं पुन्हा सुरू करायचा, हा जगभरातल्या मैदानांवरचा नियम आहे. पंचांनी शिट्टी वाजवली नाही तरी तुम्ही उठा.

*पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार.* नव्या माणसाला रविवारी हेच सुचवलं जातं. पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर आहे आणि तटाच्या कडेला तुम्हीच सगळ्यात उंच वस्तू असता. दुपारी चारच्या आत तटबंदी आणि बुरुज उरकून घ्या. ढग दिसला तर गाडीत या. उघड्या कमानीत किंवा दगडी मंडपात उभं राहून पाऊस लागत नाही, पण ओल्या दगडातून वीज येऊ शकते. मसाई पठारावर तर मैलभर झाडही नाही; तिथं वळवाच्या दिवसांत दुपारनंतर जायचंच नाही, एवढा सरळ नियम करा. जोतिबाची चैत्र यात्रा चैत्र पौर्णिमेला, म्हणजे बहुधा एप्रिलमध्ये, वळवाच्या ऐन तोंडावर. तिथं सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या, असतात, डोंगरमाथ्यावर लाखोंची गर्दी असते. वारं सुटलं की काठ्यांपासून आणि उताराच्या कडेपासून लांब सरका, धावू नका. एवढ्या गर्दीत धावाधाव विजेइतकीच वाईट.

*रस्ता.* दुचाकीवर असाल तर पहिल्या गार झोतालाच थांबा. शक्यतो शिरोलीच्या पंचगंगा पुलावर नको. पुलावर आडवा वारा अडवायला काही नसतं, आणि रिकामा ट्रक शेजारून गेला की हँडल हातात राहत नाही. हायवेच्या पुलाखाली दुचाक्यांची रांग लागते, ती तर भयंकर. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला धुळीत आणि पावसात समोरचं दिसत नाही आणि तुम्ही त्याच्याच लेनमध्ये उभे. थांबायचं तर हायवे सोडून सर्व्हिस रोडनं ढाब्याच्या किंवा दुकानाच्या आत. हेल्मेट काढू नका. गारांपासून वाचवणारी ती एकच गोष्ट तुमच्याकडे असते. पहिल्या सरीनंतर उन्हाळाभराची धूळ आणि तेल मिळून रस्ता घसरडा होतो, तेव्हा निघताना हळू.

घाटात असाल, आंबा घाटात किंवा फोंड्याच्या वाटेला, तर दाट झाडीखाली थांबू नका. मोकळ्या जागी गाडी बाजूला घ्या आणि आत बसून राहा.

*शेत.* कुठंच काही नसेल तेव्हाचा उपाय: उंच जागा, झाड, विद्युतपंपाची पत्र्याची खोली, तारेचं कुंपण, सगळ्यांपासून दूर, सखल पण पाणी न साचलेल्या जागी उकिडवं बसायचं. पाय जुळवून, डोकं खाली, कान झाकून. आडवं पडायचं नाही. अंग जेवढं जमिनीला टेकेल तेवढा जमिनीतून येणारा झटका जास्त. चार जण असाल तर एकमेकांपासून १५-२० मीटर लांब बसा, म्हणजे एकाला लागलं तर बाकीचे मदतीला उरतात. हे सगळं केल्यानं तुम्ही सुरक्षित होत नाही, धोका थोडा कमी होतो एवढंच. खरा उपाय आधीच घरी परतणं.

मोबाईल वीज ओढून घेतो, हे खरं नाही. खुशाल फोन करा. चार्जरला लावलेला फोन मात्र कानाला लावू नका.

पाचवी पायरी: खोली

नवीन माणसाला परवडणारी खोली बहुतेक वेळा गच्चीवर असते. वर पत्रा, भाडं कमी. घेण्याआधी वर बघा: पत्रा लोखंडी अँगलला हुकांनी आवळलेला आहे की नुसते दगड-विटा ठेवून दाबलेला आहे? दगड ठेवले असतील तर ते वाऱ्यात पत्र्याबरोबर खालीच येणार. मार्चमध्ये घरमालकांना सांगून हुक आवळून घ्या. ‘काका, पावसाळ्याआधी बघू’ म्हणाले, तर वळीव पावसाळ्याआधीच येतो हे नम्रपणे सांगा.

तरीही वारं सुटलं की पत्र्याच्या खोलीत बसायचं नाही. खाली मालकांच्या मजल्यावर जा, ‘मावशी, वारं थांबेपर्यंत बसतो’ म्हणा. चहा मिळतो.

गच्चीवरचं: कठड्यावरच्या कुंड्या खाली, प्लास्टिकच्या खुर्च्या आत, कपड्यांचा स्टँड आत. पाण्याची प्लास्टिकची टाकी रिकामी असेल तर भरून ठेवा. भरलेली जागेवर बसते, रिकामी उडते. तसंही वीज गेल्यावर मोटर चालणार नाही, तेव्हा पाणी लागतंच. ढग येतोय म्हणतानाच फोन चार्ज करून घ्या आणि टीव्ही, वायफायचा राउटर, फ्रीज यांचे प्लग काढा. गडगडाट सुरू झाल्यावर प्लगला हात लावायचा नाही. ते आधी करायचं काम आहे. त्या वेळेत अंघोळ, भांडी, धुणंही नको, नळाच्या पाण्यातून झटका बसू शकतो. सगळ्या खिडक्या बंद. ‘हवा खेळती राहू दे म्हणजे पत्रा उडत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आत शिरलेला वारा छताला खालून ढकलतो.

सहावी पायरी: कुणावर वीज पडली तर

त्या माणसाला हात लावता येतो. त्याच्या अंगात वीज साठून राहिलेली नसते. हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो हा गैरसमज जिवावर बेततो, कारण विजेच्या झटक्यानं हृदय थांबतं आणि पहिली काही मिनिटंच हातात असतात. १०८ किंवा ११२ ला फोन करायला एकाला सांगा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, साधारण पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत. ओरडून मदत मागताना ‘छाती दाबा’ म्हणा. नुसतं ‘सीपीआर’ म्हणालात तर कोल्हापुरात लोक त्याच नावाच्या सरकारी दवाखान्याकडे न्यायला रिक्षा शोधू लागतील. एकाहून जास्त जणांना लागलं असेल तर कण्हणाऱ्याआधी गप्प पडलेल्याकडे जा. वादळ डोक्यावरच असेल तर त्याला आधी शक्य तेवढ्या सुरक्षित जागी हलवा.

सातवी पायरी: वारा थांबल्यावर

बाहेर पडण्याआधी वर बघा. अर्धवट मोडून लटकलेली फांदी आणि एका हुकावर अडकलेला पत्रा तासाभरानंतरही पडतो.

मग खाली बघा. रस्त्यावर तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका. वीज गेलेली असली तरी महावितरणचा माणूस फीडर, म्हणजे त्या भागाची मुख्य वीजवाहिनी, पुन्हा चालू करून बघतो, आणि तीच तार परत जिवंत होते. किमान १० मीटर लांब राहा, पाण्यात पाय घालू नका, काठीनं बाजूला सारायचा शहाणपणा करू नका, रबरी चपलेवर भरवसा ठेवू नका. चुकून जवळ गेला असाल तर मोठी पावलं टाकून पळू नका. पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून घासत, छोटे छोटे सरकत मागे या. गाडीवर तार पडली असेल तर आतच बसा आणि फोन करा. दुसऱ्यांना लांब ठेवायला रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणूस उभा करा, फांद्या आडव्या टाका.

पडलेलं झाड हटवायला अग्निशमन दल, १०१. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १०७७. घराचं किंवा गोठ्याचं नुकसान झालं असेल तर आवरण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा, पंचनामा झाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. भाड्याच्या खोलीत तुमचं सामान भिजलं असेल तर त्याचेही फोटो वेगळे काढून ठेवा.

वीज परत आली की सगळी बटणं एकदम चालू करू नका. भिंत किंवा बोर्ड ओला असेल तर मेन स्विच बंदच ठेवून वायरमनला बोलवा. वीज आलीच नाही तर महावितरणचा क्रमांक १९१२, किंवा १८००-२१२-३४३५. तिथं १२ आकडी ग्राहक क्रमांक विचारतात, आणि बिल घरमालकांच्या नावावर त्यांच्या कपाटात असतं. म्हणून खोली ताब्यात घ्याल त्याच दिवशी त्या बिलाचा एक फोटो मागून घ्या.